दिसले : शून्य

देगावच्या पलीकडं मुरूम उपसून सोडलेला एक खड्डा आहे.
एप्रिलात त्यात काहीच नसतं.
फुटक्या काचा, बाभळीच्या शेंगा,
कुणाच्या तरी बारशाच्या थर्माकोलच्या ताटल्या.
मोजणीला आलेल्या पोरानं मशीनवरचा डोळा काढला,
म्हणाला, काका, इथं आहे तरी काय?

काय सांगणार.
एकोणतीस वर्षं कॉलेजात परिचर होतो,
प्राणिशास्त्र विभाग, दुसरा मजला.
नाव मल्लेशम गाजूल, पण म्हणायचे सगळे बेडूकवाला.
बायको तेलुगूत कप्पा म्हणते,
शेजारच्या शांतव्वा कन्नडमध्ये कप्पे.
आमच्या गल्लीत एवढ्या एका शब्दावर
कधी भांडण झालं नाही.

ऑगस्टात याच खड्ड्यावर यायचो, रात्री, टॉर्च तोंडात धरून.
ओल्या गोणपाटात पन्नास-साठ,
सायकलच्या कॅरिअरला बांधून.
रस्ताभर पाठीमागं पोतं श्वास घ्यायचं.
मग क्लोरोफॉर्म. मेणाचा ट्रे.
चार पायांना चार टाचण्या.
पोट उघडलं तरी हृदय चालूच असायचं,
आणि पुढच्या बाकावरच्या पोरींना मी सांगायचो,
घाबरू नका, झोपलंय ते.

एके वर्षी परिपत्रक आलं, बेडूक बंद.
ट्रे धुतले, कपाटावर उपडे ठेवले.
मी रिटायर झालो.

सुमैय्या बागवान घर शोधत आली ती नंतर.
म्हणाली, सर म्हणतात बेडूक कुठं आहेत
ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.
चहा घेतला नाही आधी. खड्डा दाखवा म्हणाली.

तिनं तळहातावर एक घेऊन मागची टाच दाखवली.
टाचेला खुरपं!
एवढंसं, कडक, नखाच्या कडेसारखं.
त्यानंच तो मुरूम उकरतो,
मागं मागं सरकत, पाठमोरा उतरतो जमिनीत,
तोंड वर, उजेडाकडं बघत,
माती डोळ्यावर येईपर्यंत.
आठ-आठ, नऊ-नऊ महिने खाली.
मी हजारो पाय टाचले होते.
ते खुरपं मला कधी दिसलं नव्हतं.

पहिल्या वर्षी आम्ही रात्रभर बसून
एकशे चाळीस आवाज मोजले.
मग बायपास झाला. पलीकडं डाळिंबाची बाग,
औषध फवारलं की त्याचं पाणी उताराला लागून इकडंच.
कोपऱ्यावर हायमास्ट लागला,
त्या उजेडात नर ओरडायचेच बंद झाले.
गेल्या वर्षी एकतीस.
वहीत आहे सगळं, तारीखवार.

आणि आता हा पोरगा, चुन्याची फक्की, लाल खुंट्या.
एन.ए. झालंय, काका. प्लॉट पडणार.
मी म्हणालो, खाली माणसं झोपलीत समज.
तो हसला, वाईट हसला नाही.
म्हणाला, मग दाखवा की. एक तरी काढून दाखवा,
साहेबांना फोटो टाकतो.

फावडं गाडीतच होतं.
जागा मला माहीत होती,
बाभळीच्या सावलीची कड, हातभर खाली.
सुमैय्या माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं.
आत्ता काढला तर उन्हात तासभरही टिकायचा नाही.

नाही म्हणालो.
आयुष्यभर उघडूनच दाखवत आलो, बाबा.

तिनं वही काढली.
एकोणीस एप्रिल. तापमान त्रेचाळीस. दिसले : शून्य.
शून्याच्या पुढं आणखी काहीतरी लिहिलं तिनं,
चष्मा घरी राहिला होता, मला वाचता आलं नाही.

पोरगा पुढची खुंटी ठोकायला वाकला.
हातोडा जरा हळू मारला त्यानं,
की मलाच तसं वाटलं.